मॉरिशसचे धोंडूकाका

धोंडूकाकांना मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही!” आज इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात. म्हणजे बघा, समोरचा माणूस मराठी, त्याची आई मराठी, आजा-पणजा मराठी, आणि मी साताऱ्याहून आलेली बाई त्याला शाबासकी देतेय! त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “तूपण बरं बोलतेस, बाय.”

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ हर्नडनला राहत होतो. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काचेच्या बिल्डिंगा नुकत्या उठायला लागल्या होत्या, पण आमच्या ऑफिससमोर अजून गाई चरायच्या. खाली गालिच्यांचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. आम्ही देशांच्या ओळखपुस्तिका काढायचो. एक देश, एक पुस्तिका. राजधानी, क्षेत्रफळ, हवामान, लोक, भाषा, धर्म, शेती, उद्योग, चलन, सुट्ट्या. लायब्रऱ्या घ्यायच्या, आणि परदेशात माणसं पाठवणाऱ्या कंपन्या घ्यायच्या. माझं भूगोलात एम. ए. झालेलं, नवरा दिवसभर कामावर, घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. जाहिरात बघून अर्ज केला आणि लागले. मजकूर लिहायचा आणि तपासून आला की छपाईची शेवटची प्रत टाइप करायची, हे माझं काम.

तपासणारे म्हणजे धोंडूकाका. नारायण धोंडू. वय पन्नाशीचं, बुटके, काळेसावळे, उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर. धोंडू हे आडनाव. त्यांचे पणजे धोंडू, रत्नागिरीच्या बाजूचे, उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून बोटीने मॉरिशसला गेले. उतरल्यावर कारकुनाने नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. आजे वारले, वडील वारले, पण धोंडू काही जायला तयार नाही, असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ऑफिसचा नियम असा, की पुस्तिकेतल्या प्रत्येक माहितीला दोन छापील पुरावे हवेत, आणि तेही दोन वेगळ्या हातांचे. प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड. कार्डाखाली दोन ओळी, पुराव्यांसाठी. दोन्ही भरल्या नसतील तर धोंडूकाका निळ्या पेन्सिलीने शब्दावर काट मारायचे. नियम मालकीणबाईंचा, मार्गरेटचा होता, पण तो पाळावा तर धोंडूकाकांनीच. मार्गरेट स्वतः कधीकधी म्हणायची, “नारायण, हे तर सगळ्यांना माहीत आहे!” त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, “मग छापलेलं सापडायला काय हरकत आहे?”

एकदा पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेट-राष्ट्राची पुस्तिका चालली होती. मी मोठ्या हौसेने लिहिलं, की अख्ख्या देशात वाहतुकीचा दिवा एकच आहे. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. धोंडूकाकांनी त्या देशाच्या पोलीसप्रमुखाला पत्र टाकलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, की होय, एक दिवा होता, पण गेल्या वर्षी ट्रकने पाडला, आता एकही नाही. काकांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि डबा खायला गेले. मला असा राग आला होता म्हणता!

मजकुरात विशेषण दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कुठल्याही गरम बेटाबद्दल लिहिताना आमची सगळ्यांची एक खोड होती: डोलणारे माड, निळंशार पाणी आणि हसतमुख लोक. ते ‘हसतमुख’ त्यांना सहनच व्हायचं नाही. “बाय, गरम देशांचेच लोक हसतमुख कसे गं? नॉर्वेचे लोक हसतमुख आहेत, असं कोणी लिहितं का? कोणी मोजले हसणारे?” मी म्हणाले, “काका, मग तिथे लिहू तरी काय?” तर म्हणाले, “नसेल माहीत तर रिकामं ठेव. रिकामी जागा खोटं बोलत नाही.”

हे वाक्य मी त्यांच्याकडून निदान शंभर वेळा ऐकलं असेल.

आणि नियम फक्त दुसऱ्यांना, असंही नाही. एका पुस्तिकेत डोंगराची उंची चुकली. छापून, खोक्यांत भरून झालेली. चूक त्यांचीच होती आणि त्यांनीच ती शोधून काढली. तडक मार्गरेटच्या केबिनमध्ये गेले, सांगितलं, आणि शुक्रवारची अख्खी दुपार आम्ही सगळे शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या एकेका प्रतीत डिंकाने चिकटवत बसलो. मी पुटपुटले, “कोणाला कळलं असतं?” ते म्हणाले, “जो डोंगर चढेल त्याला.”

बाराच्या ठोक्याला डबा. डाळ भरलेल्या मऊ पोळ्या आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. मी म्हणाले, “ही तर बिनगुळाची पुरणपोळी झाली.” ते म्हणाले, “तुमची पुरणपोळी म्हणजे गोड केलेली डाळपुरी.” यावरून आमचं कितीदा तरी वाजलं. माझ्या मुलाला त्या डाळपुऱ्या इतक्या आवडायच्या, की घरी माझ्या हातची पोळी दिसली की तो म्हणायचा, “आय वॉन्ट द धोंडूकाका काइंड.” घ्या! पोटच्या पोरानेच निकाल दिला.

बेटाबद्दल ते आपणहून कधी बोलायचे नाहीत. विचारलं तर मात्र पुस्तिकेसारखं, मुद्देसूद. मूळचं तिथलं असं कोणीच नाही, सगळे बोटीने आलेले. डच आले, कंटाळून गेले. मग फ्रेंच, मग इंग्रज. आफ्रिकेतून गुलाम आणले, ते सुटल्यावर हिंदुस्थानातून मजूर. चहूकडे ऊस, हल्ली कपड्यांचे कारखाने. “कागदावर इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच, रस्त्यावर क्रिओल आणि घरात ज्याची त्याची,” असं बोटांवर मोजत सांगायचे. लहानपणी चक्रीवादळात त्यांच्या घराचं छप्पर उडालं होतं, आणि त्यांची आई चार पोरांना घेऊन रात्रभर पलंगाखाली बसली होती. हे त्यांनी मला सांगितलं ते ‘हवामान’ या मथळ्याखालचं माझं ‘भयंकर’ खोडताना. “भयंकर ही माहिती नव्हे, बाय. वाऱ्याचा वेग लिही.”

एका गणपतीला मी त्यांना आमच्या मराठी मंडळात घेऊन गेले. शाळेच्या कॅफेटेरियात उत्सव होता, झेरॉक्स काढलेल्या आरत्यांचे कागद वाटलेले. दोन कडव्यांनंतर आमची सगळ्यांची नुसती गुणगुण सुरू झाली, आणि कागद न घेतलेले धोंडूकाका डोळे मिटून, खणखणीत आवाजात, जराशा वेगळ्या चालीत शेवटपर्यंत म्हणत राहिले. आरती संपल्यावर आमचे सेक्रेटरी सरदेसाई पुढे झाले.

“वा वा! कुठे शिकलात हो?”

“आईकडे.”

“आणि आई?”

“तिच्या आईकडे.”

“नाही, ते ठीक आहे हो, पण तुम्ही ओरिजिनल कुठले? आडनाव धोंडू म्हणजे... मराठीत असं आडनाव नसतं ना.”

“आमच्यात आहे,” काका म्हणाले आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मग एक काकू मला बाजूला घेऊन विचारत होत्या, की ते आपल्यातले आहेत, की हौस म्हणून शिकलेत? मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पहिल्या दिवशी मी तरी दुसरं काय केलं होतं?

परत येताना गाडीत मीच माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत होते. मग बोलले, आणि इतकं एका दमात मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

“बाय, पणजा बोटीत चढला तेव्हा त्याच्या गावाने काही लिहून ठेवलं नाही. उतरला तेव्हा नंबर दिला. बेटावर आम्ही मूठभर. भारतातून पाहुणे आले की हिंदीत भाषण करून जातात. इथे तुम्ही विचारता, ओरिजिनल कोण. माझी आई ऐंशीची झाली. मी या ऑफिसात लागलो तेव्हा तिला सांगितलं होतं, की एक दिवस आपल्या बेटाचं पुस्तक निघेल आणि त्यात आपली भाषा असेल, नावानिशी. बहीण तिची पत्रं लिहिते. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असतं. आपलं पुस्तक निघालं का?”

मी गाडी चालवत राहिले.

पुढच्याच वर्षी मॉरिशसची पुस्तिका करायचं ठरलं. ज्याचा देश त्याने लिहायचं नाही, असाही नियम होता, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि तपासणं अर्थातच त्यांच्याकडे. मी जीव ओतून लिहिलं. एकही माड डोलवला नाही, कोणाला हसवलं नाही. ‘भाषा’ या मथळ्याखाली इंग्रजी, फ्रेंच, क्रिओल, भोजपुरी, हिंदी, तामीळ, तेलुगू, उर्दू, चिनी आणि त्यांत मराठी. कागद त्यांच्या हातात देताना मला वाटलं, आता माणूस खूश होणार.

कागद संध्याकाळी परत आला. ‘मराठी’च्या वर निळ्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. समासात लिहिलेलं, पुरावा?

मी तशीच त्यांच्या टेबलाशी गेले. “काका, अहो, पुरावा म्हणजे? तुम्हीच तर आहात पुरावा!”

“मी छापलेला नाही,” ते म्हणाले.

बाकीच्या सगळ्या भाषांची कार्डं भरली होती. आमच्याकडच्या पुस्तकांत त्या होत्या. मराठी मात्र सगळीकडे ‘इतर’मध्ये. मी रजा टाकून वॉशिंग्टनच्या मोठ्या ग्रंथालयात गेले. दिवसभर धूळ खाल्ल्यावर मॉरिशसच्या जनगणनेचं पुस्तक मिळालं, आणि त्यात मराठीचा वेगळा रकाना! मी तिथेच “मिळालं!” म्हणून ओरडले, तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला शूऽऽ केलं. कार्डाची पहिली ओळ काकांनी स्वतःच्या हाताने भरली. अक्षर जरा वाकडं आलं होतं. दुसरी ओळ कोरी.

दुसरा पुरावा काही केल्या मिळेना. काकांनी बेटावर तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात नुसत्या शुभेच्छा. छपाईची तारीख जवळ येत चालली. मग मला सुचलं, की आमच्या मंडळाची स्मरणिका निघते, ती छापीलच असते की! काकांना म्हटलं, तुम्ही लेख लिहा. ते म्हणाले, “मीच लिहायचं आणि मीच पुरावा म्हणून जोडायचं? बसत नाही.” बरं, नका लिहू. मी लिहिते! त्यांना आठ दिवस डबा खाताना खोदून खोदून विचारलं आणि मॉरिशसच्या मराठी माणसांवर चार पानं लिहिली. सरदेसाई म्हणाले, “अहो, पण ते एक्झॅक्टली आपल्यातले नाहीत ना, आणि जागा पण नाहीये, यार.” मी माझ्या अळूवड्यांच्या रेसिपीचं पान सोडलं, भांडले, आणि चारातली दोन पानं छापून घेतली.

स्मरणिका आली त्या दिवशी मी ती त्यांच्या टेबलावर आपटलीच. “घ्या! छापील. आणि हात माझा.”

त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. अख्खं, ओठ हलवत. मग चष्मा काढून पुसला.

“सुंदर लिहिलंस. ही माहिती तुला दिली कोणी?”

“तुम्हीच.”

“मग हा मीच झालो ना, बाय. दुसऱ्या कपड्यात.”

मी चिडले. खूप चिडले. म्हटलं, “काका, हे खोटं आहे का? नाही ना? तुम्ही खरे, तुमची आई खरी, जनगणना खरी. मग अडतंय कुठे? नियम काय देवाने केलाय? आईला काय सांगणार आहात?”

त्यांनी पुस्तिकेचा कागद पुढ्यात ओढला. “सांगेन, जागा नव्हती,” असं म्हणून त्यांनी पेन्सिल उचलली आणि ‘मराठी’ या शब्दावर काट मारली. पट्टी धरून, सरळ. खाली सही केली. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

शेवटची प्रत टाइप करायची ती मीच. शुक्रवारी ऑफिस रिकामं झाल्यावर मी ‘भाषा’पर्यंत आले आणि जिथे तो शब्द होता तिथे तो टाइप केला. हात थरथरला वगैरे काही नाही, खोटं कशाला बोलू? पाकीट बंद केलं, छापखान्याच्या पेटीत टाकलं आणि घरी जाऊन वरणभात लावला. भीती मग आली, रविवारी. नोकरीची नव्हे. नाहीतरी नवऱ्याची बदली झाली होती आणि आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला निघालोच होतो. भीती काकांची. त्यांची सही असलेल्या पानात मी हात घातला होता. ते मार्गरेटकडे जाणार, चिठ्ठ्या निघणार, आणि आम्ही सगळे बसून एकेका प्रतीत ‘मराठी वगळावे’ अशी चिठ्ठी चिकटवणार. छे! त्यापेक्षा ‘इतर’ परवडलं असतं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात खोकी आली. काकांनी नेहमीसारखी दोरी कापली, वरची प्रत घेतली आणि सातवं, ‘भाषा’चं पान उघडलं. मी टाइपरायटरमागे लपून बघत होते. ते वाचत होते ते थांबले. बोट पानावर ठेवलं. बोट उचलून परत ठेवलं. मग पुस्तिका मिटून उठले आणि सरळ मार्गरेटच्या केबिनकडे चालायला लागले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. केबिन काचेची होती. दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ते बोलले. ती काहीतरी बोलली. ते गप्प. ती पुन्हा बोलली, आणि हे नुसतेच बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून. मग त्यांनी अगदी थोडं काहीतरी म्हटलं आणि बाहेर आले.

लगेच मला बोलावणं. मार्गरेटने दार लावून घेतलं.

“नारायण सांगतोय, की सातव्या पानावर एक शब्द एकाच पुराव्यावर गेला, आणि तो त्याने जाऊ दिला. चूक त्याची.” तिने ड्रॉवरमधून त्यांनी तपासलेलं पान काढून माझ्यासमोर धरलं. निळी काट स्पष्ट दिसत होती. “मला वाचता येतं, आणि टाइप कोण करतं तेही माहीत आहे. पुन्हा असं केलंस तर, म्हणजे तू जिथे कुठे असशील तिथे, वाईट होईल.”

मी मान खाली घातली. “आणि चिठ्ठी?”

“तेच मी त्याला विचारलं. नारायण, चिठ्ठी काढायची का? मी इतकी वर्षं त्याला ओळखते. बोलेचना. मग म्हणाला, नको.”

मी बाहेर आले. धोंडूकाका जागेवर बसले होते. समोर ती पुस्तिका उघडी, शेजारी बेटावर पाठवायचं निळं हवाई पत्र आणि हातात पट्टी. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी मान वर केली नाही.

“असं परत करायचं नाही, बाय.”

“नाही करणार, काका.”

“हं. बस इथे.”

मी बसले. म्हणाले, “आईला कुठलंच अक्षर वाचता येत नाही. बहिणीला मराठी तेवढं येतं, इंग्रजी अक्षरं तिला सगळी सारखीच. तेव्हा तिला लिहितोय, की आईचं बोट धरून नेमकं कुठे ठेवायचं.” पत्रावर त्यांनी देवनागरीत लिहिलं होतं, पान सातवं, वरून अकरावी ओळ. पुढची जागा कोरी होती. त्यांनी पट्टी ओळीखाली सरकवली आणि डावीकडून एकेक शब्द मोजायला लागले. अर्ध्यात थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा थांबले. मग पुस्तिका माझ्याकडे सरकवली.

“तू मोज गं. माझे डोळे आज चालत नाहीत.”

मी मोजलं. पाचवा होता.